तारखेची पाटी

त्या रस्त्यावर रोज सकाळी हजारो माणसं अडकून पडत आणि आपापल्या गाडीत बसून कोणाला तरी शिव्या घालत. कोणी मंत्र्याला, कोणी इंजिनिअरला, कोणी ठेकेदाराला, आणि अगदीच कोणी सुचलं नाही तर पुढच्या गाडीवाल्याला. हा रस्ता कधी मोकळा होणार ते ठरवणारा माणूस कुठल्यातरी काचेच्या थंडगार खोलीत नकाशे पसरून बसलेला असेल, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात तो त्याच रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या गाळ्यात, कानावर ब्रश खोचून बसलेला असे. शिव्या त्याला नीट ऐकू येत. तो मान डोलवून म्हणे, "बरोबर आहे बिचाऱ्यांचं."

लोक त्याला पेंटर म्हणत. तीस-पस्तीस वर्षं त्याने दुकानांची नावं, शाळांचे फळे, डॉक्टरांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील बोर्ड आले आणि हाताच्या अक्षराला कोणी विचारेना. अशा वेळी रस्त्याचं काम निघालं ते त्याच्या पथ्यावरच पडलं. सहा पदरी रस्ता मधोमध उकरला, दोन्ही बाजूंना निळे पत्रे ठोकले, आणि त्या पत्र्यांवर ठिकठिकाणी पाट्या हव्या होत्या: 'काम चालू. रस्ता बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. काम पूर्ण होण्याचा दिनांक', आणि पुढे तारीख.

पहिली तारीख गेली. पांढरा रंग मारून त्यावर दुसरी घातली. तीही गेली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या जागी रंगाचा असा फोड आला की लांबूनही लोकांना कळे, इथे काहीतरी लपवलंय. तेव्हा पेंटरने डोकं लढवलं. बोर्ड कायमचा पक्क्या रंगात रंगवायचा, तारखेच्या जागी दोन लोखंडी हूक ठोकायचे आणि त्यांवर हातभर लांबीची सुटी पत्र्याची पाटी अडकवायची. तारीख गेली की पाटी काढा, दुसरी लटकवा. दिलगिरी कायम, तारीख सुटी. कामावरच्या साहेबांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी पेंटरची पाठ थोपटली आणि म्हणाले, "याला म्हणतात दूरदृष्टी."

सुरुवातीला मुकादम नव्या तारखेची चिठ्ठी घेऊन येई. मग चिठ्ठी बंद होऊन फोन येऊ लागला. मग फोनही असा येऊ लागला:

"पेंटरकाका, तारीख संपली. नवी टाका."

"कोणती टाकू?"

"आता तुम्हाला काय शिकवायचं? टाका अंदाजाने. रविवार तेवढा टाळा, लोक हसतात."

म्हणजे तारीख पेंटरच ठरवू लागला. आणि कबूल करायला हवं, त्याने ते काम मन लावून केलं. त्याचे त्यात काही ठोकताळे होते. तारीख तीन महिन्यांपुढची हवी. एक महिना म्हटलं की लोक दिवस मोजतात, सहा म्हटलं की भडकतात, तीन महिन्यांत मात्र माणूस गुमान विसरतो. दुसरं म्हणजे महिन्याची पहिली तारीख किंवा पंधरा कधी घालायची नाही, ती थाप वाटते. सतरा, तेवीस, असलं काहीतरी घालावं. तेवीस वाचलं की वाटतं, कोणीतरी बसून हिशेब केलाय. असा हिशेब त्याने सव्वादोन वर्षांत नऊ वेळा केला, तोही चहा निवायच्या आत.

रस्त्याची लोकांना तोवर सवयच झाली होती. बसचा कंडक्टर खाली उतरून चहा प्यायचा, पैसे द्यायचा, सुटे परत घ्यायचा आणि चालत जाऊन त्याच बसमध्ये चढायचा. एक गृहस्थ रोज आरशात बघून गाडीतच दाढी करायचे, आणि ज्या दिवशी रस्ता जरा मोकळा असे त्या दिवशी अर्ध्या दाढीने ऑफिसात जायचे. शाळेच्या बसमधली मुलं जाताना गृहपाठ करायची आणि येताना दुसऱ्या दिवशीचा उरकायची. पालक म्हणायचे, मुलांचे मार्क सुधारलेत. आपल्या लोकांना काहीही द्या, ते त्यात संसार थाटतात, आणि मग वर बसलेल्यांना वाटतं, यांना काही तक्रारच नाही.

तक्रार होती ती एकीला, आणि नेमकी तीच कधी तक्रार करत नसे. ती पेंटरची ताई. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. गाळ्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. यजमान गेले, मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. जन्मभर तिने प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि तिच्या पहिल्या विद्यार्थ्याचं नाव शाळेच्या पटावर नव्हतंच. तो म्हणजे धाकटा भाऊ. त्याचा हात हातात धरून तिने पाटीवर त्याला अक्षरं गिरवायला लावली होती. त्याच अक्षरावर पुढे त्याचं घर चाललं.

निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी सहाला ती रस्ता ओलांडून गाळ्यावर यायची. मोजून ऐंशी पावलं. तिच्यासाठी एक लाकडी स्टूल ठेवलेलं असे. त्यावर बसून ती चहा घ्यायची आणि ओल्या पाट्यांकडे चष्म्यातून बघून चुका काढायची. "हा 'द' बघ कसा बसलाय, पाय दुखत असल्यासारखा." पेंटर मुकाट्याने 'द' उभा करायचा.

मग पत्रे आले आणि ते ओलांडणं बंद झालं. वळसा घालायचा तर पुढच्या पुलाखालून, तीन किलोमीटर. ताईचे गुडघे घरातल्या घरात कुरकुरत, तीन किलोमीटरचं तर नावच नको. रिक्षाने यावं तर संध्याकाळी तासभर त्या धुरात बसायचं. पेंटरच स्कूटरवरून जाऊ लागला. आधी रोज गेला. मग एक दिवसाआड. मग रविवारी. मग म्हणू लागला, "ताई, आता सतरा तारखेला उघडतोच आहे रस्ता, मग तू येच." स्टुलावर रंगाचे डबे आले. बोलणं फोनवर होऊ लागलं. ती बाल्कनीत, हा गाळ्याच्या दारात, मधे निळे पत्रे, आणि एकमेकांना हात करून दोघं फोनवर विचारत, "काय करतेस?" "काय करतोस?"

प्रत्येक सतरा, तेवीस, एकोणीस तारखेला ताई बाल्कनीत येऊन उभी राहायची. रस्ता उघडायचा नाही. नवी पाटी लटकायची. ती चष्मा लावून वाचायची आणि फोन करायची, "अरे, आता तेवीस एप्रिल आलीय. यावेळी होईल बहुतेक."

"होईल, होईल," पेंटर म्हणायचा. त्याला वाटायचं, एवढ्याशा आशेने कोणाचं काय बिघडतंय?

बिघडलं ते नवव्या पाटीला. मुलगा ताईच्या मागे लागला होता की, फ्लॅट विकून माझ्याकडे ये. खालच्या मजल्यावरचे शेजारीच घ्यायला तयार होते. ताई टाळत होती. एप्रिलच्या सुरुवातीला तिचा फोन आला.

"मी त्याला शेवटचं सांगून टाकलंय. तेवीसला रस्ता उघडला तर मी इथून हलत नाही. मरेपर्यंत रोज सहाला तुझ्या स्टुलावर. नाही उघडला तर शेजाऱ्यांना होकार देते."

"अगं, असं तारखेवर कशाला..."

"मग कशावर? दुसऱ्या कोणाचं अक्षर असतं तर विश्वास ठेवला नसता. तुझ्या हातची पाटी आहे. तू खोटं लिहिणार नाहीस एवढं मला कळतं."

पेंटरने फोन ठेवला आणि तडक घर गाठलं. त्याने बायकोला सांगितलं. तिने भांडी घासता घासता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग सरळ सांगून टाका ना ताईंना."

"काय सांगू?"

"खरं काय ते. सगळ्या शहराला दिलगिरी लिहून देता, घरात एकदा तोंडाने म्हणा."

ते सोडून पेंटरने बाकी सगळं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो साहेबांच्या कचेरीत गेला. कचेरी म्हणजे रस्त्यातच ठेवलेला एक लोखंडी डबा, त्यात एक पंखा, एक टेबल आणि एक साहेब. पेंटरने विचारलं, "साहेब, समोरचं ओलांडायचं ठिकाण नक्की कधी उघडणार?"

साहेबांनी फाईल काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. काम पूर्ण होण्याचा दिनांक: जागेवरील फलकानुसार."

"पण फलक तर मी रंगवतो."

"मग तुम्हालाच माहीत असणार!" साहेब वैतागले. "मला कशाला विचारता? उलट पुढच्या वेळी आम्हालाही जरा आधी कळवत जा."

पेंटर बाहेर आला आणि पत्र्यावरची आपलीच पाटी पुन्हा वाचू लागला. सव्वादोन वर्षं त्याला वाटत होतं, आपण थापा मारतो आणि खरी तारीख वर कोणाकडे तरी आहे. वर कोणी नव्हतंच.

तीन दिवस तो हातात ब्रश धरून नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी त्याला आठवलं की, इतक्या वर्षांत त्याने तारखेपुढे वेळ फक्त एकाच प्रकारच्या बोर्डावर लिहिलीय. उद्घाटनाच्या. तारखेला कोणी घाबरत नाही. पण 'सकाळी दहा वाजता' असं लिहिलं की त्या दहा वाजता कोणीतरी येणार असतं. त्याने नवा पत्रा घेतला, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि लाल अक्षरात लिहिलं: 'पादचाऱ्यांसाठी रस्ता खुला. दिनांक तेवीस एप्रिल, सकाळी दहा वाजता.' अठराच्या सकाळी तो पत्रा जागेवर झळकला.

अर्ध्या तासात मुकादम धापा टाकत आला. "काका, दहा वाजता कोण येणार आहे?"

"मला काय ठाऊक? मी पेंटर."

हे शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच मुकादमाचं धाबं दणाणलं. त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांना वाटलं, वरच्यांनी परस्पर ठरवलंय आणि आपल्याला मुद्दाम अंधारात ठेवलंय. विचारायला जावं तर आपल्याला माहीत नव्हतं हे उघडं पडणार. त्यामुळे त्यांनी विचारलं नाही, ठेकेदाराला झापलं. ठेकेदारानेही विचारलं नाही, मजुरांची संख्या दुप्पट केली. ज्या खड्ड्याकडे वर्षभर कोणी फिरकलं नव्हतं त्यावर पाच दिवसांत जाड लोखंडी प्लेटा पडल्या, पत्र्यांत दार निघालं, कठडे लागले. बावीस तारखेला पेंटरलाच बोलावून डांबरावर पांढरे पट्टे मारून घेतले. कचेरीतल्या दोन कुंड्याही दाराशी आणून ठेवल्या. इतकी वर्षं अडलेलं काम पाच दिवसांचं होतं, हे बघून कोणालाच लाज वाटली नाही. सगळे एकमेकांना म्हणत होते, "मनावर घेतलं की होतं बघा."

तेवीसला सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मुकादमाने भांग पाडलेला. पोलिसाने दोन्हीकडची वाहतूक अडवून धरली, म्हणजे काही वेगळं केलं नाही. दहाला पाच कमी असताना पलीकडून ताई आली. हातात काठी, खांद्याला पिशवी.

मुकादम धावला. "आजी, थांबा जरा. मोठे साहेब यायचेत. त्यांचं झालं की मग तुम्ही."

ताईने चष्मा सारखा करून पत्र्याकडे बघितलं. "पाटीवर साहेबांचं नाव कुठंय? पादचारी लिहिलंय. दहा वाजेपर्यंत थांबते." आणि पाच मिनिटं ती खरंच थांबली, वर्गावर तास सुरू व्हायची वाट बघत थांबावं तशी. दहा वाजले आणि ती निघाली. कोणाची अडवायची हिंमत झाली नाही. आपल्या भावाने मारलेल्या पट्ट्यांवरून, प्रत्येक पट्टा नीट बघत, ती ऐंशी पावलं चालत आली.

पेंटरने पहाटेच स्टूल घासूनपुसून ठेवलं होतं. ताई त्यावर बसली आणि त्याला रडूच कोसळलं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, हे त्याने बायकोसमोरच बोलून दाखवलं आणि तिने ते चालवून घेतलं. ताईने चहा घेतला. दारातून दिसणाऱ्या लाल अक्षरांकडे बघून म्हणाली, "'द' सुधारलाय तुझा." मग तिने तिथूनच मुलाला फोन लावला. "नाही येत मी. उघडला रस्ता. सांगत होते ना, माझ्या भावाने लिहिलंय म्हणून?" शेजाऱ्यांनाही नकार कळवला.

अकरा वाजले, बारा वाजले. मोठे साहेब आले नाहीत. येणार कुठून? एकच्या सुमाराला साहेबांच्या ध्यानात आलं की, कोणी येत नाहीये. त्यांचा जीव भांड्यात पडला. ते जेवायला निघून गेले. आधी कुंड्या परत गेल्या. मग क्रेन आली, प्लेटा उचलल्या, कारण त्या दुसऱ्या एका ठिकाणाहून उसन्या आणल्या होत्या. मग दाराच्या जागी पुन्हा निळा पत्रा बसला. अडीच वाजेपर्यंत सगळं पूर्ववत झालं.

ताई स्टुलावर बसून हे बघत होती. तिला वाटलं, काहीतरी दुरुस्ती चाललीय. पेंटरला काय चाललंय ते कळत होतं, पण तो धुतलेला ब्रश पुन्हा धूत राहिला. तेवढ्यात मुकादम हसत हसत गाळ्यात शिरला.

"काका, कोणीच आलं नाही हो! उगाच धावपळ. बरं, आता नवी पाटी टाका. तारीख नेहमीसारखी तुम्हीच ठरवा."

"नेहमीसारखी म्हणजे?" ताईने विचारलं.

"अहो आजी, सगळ्या तारखा काकांच्याच तर असतात!" मुकादमाने अगदी कौतुकाने सांगितलं. "मागच्या नऊच्या नऊ. आम्हाला विचारावंसुद्धा लागत नाही. काय डोकं आहे!"

तो गेला. पेंटर खाली बघत होता. ताईने चष्मा काढून पदराने पुसला. बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता.

"ऑफिसवाले लोकांशी पाटीवरून बोलतात. त्यांचं समजू शकते मी, त्यांना लोक दिसतच नाहीत. मी तर तुला इथून रोज दिसत होते रे."

"ताई, मला वाटलं, तुला तेवढाच धीर..."

"मला कशाला? तुलाच. तारीख आहे म्हटल्यावर यायला लागत नव्हतं तुला."

तिने काठी घेतली. तो स्कूटर काढायला धावला, पण ती थांबली नाही. पेंटरच्या बायकोने रिक्षा करून दिली. समोर दिसणाऱ्या घरी पोचायला ताईला एक तास दहा मिनिटं लागली. पेंटर तितका वेळ गाळ्याच्या दारात उभा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचं दार उघडलं तेव्हा तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "एक बोर्ड करून दे. बाल्कनीला लावायचाय."

"काय लिहू?"

"फ्लॅट विकणे आहे. शेजारी आता नको म्हणतायत, मी शब्द फिरवला म्हणून. खाली माझा नंबर घाल. आणि हे बघ, तारीख तू कुठे घालू नकोस."

पेंटरने तो बोर्ड दोन दिवस खपून केला. चांगला जाड पत्रा, रंगाचे तीन हात, आखीव रेघा. त्याच्या हातून इतकं सुबक अक्षर आजवर उतरलं नव्हतं. मग बोर्ड स्कूटरला बांधून तो पुलाखालच्या वळशाने निघाला. गर्दीत अडकून अडकून पलीकडे पोचला, जिना चढला. वाटभर त्याने, बायकोने सांगितलं तसं, 'ताई, चुकलो मी' एवढंच घोकलं होतं. ताईने दार उघडलं, आणि इतकी वर्षं जे लिहीत आला होता तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"ताई, मी दिलगीर आहे."

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. "हे तू बोलतोयस की पाटी?" एवढंच विचारून तिने बोर्ड हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचून काढला. एकही चूक निघाली नाही.

संध्याकाळी गाळ्याच्या दारातून पेंटरला तो बोर्ड पत्र्यांच्या वर स्वच्छ दिसत होता. मुकादमाचा दोनदा फोन येऊन गेला होता. पेंटरने सुटी पाटी मांडीवर घेतली, ब्रश बुडवला आणि तसाच बसून राहिला. त्याला तारीख सुचेना. शेवटी त्याने ती पाटी नुसतीच पांढरी करून हुकांना अडकवली.

ताईचा फ्लॅट दोन महिन्यांत गेला. तिच्या बाल्कनीत आता दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळतात. कोरी पाटी अजून तशीच लटकते आहे. रोज तिच्यासमोर हजारो माणसं तास-तासभर खोळंबतात, पण तारीख कुठे गेली म्हणून आजवर एकानेही विचारलेलं नाही. ती पाटी चष्मा लावून वाचणारी एकच होती.